नायगावचा पत्ता

आमच्या कॉलनीत पाण्याची कार्डं सुरू केली ती मी. पुढे सगळे ‘कमिटीनं केली’ म्हणायला लागले तेव्हा मी गप्प बसले. पण नियम माझे होते, अक्षर माझं होतं आणि शाळेच्या कपाटातले पिवळे कार्डशीटही मीच आणले होते.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले हे मोजायचं लोकांनी सोडून दिलं होतं. आमच्याकडे दर सोमवारी दुपारी चारला टँकर यायचा, मारुतीच्या पाराशी उभा राहायचा आणि रात्रीपर्यंत तीन खेपा करायचा. तो दिसला की कॉलनीतले, कॉलनीबाहेरचे, हमरस्त्यापलीकडचे, सगळे घागरी, कॅन, पोरांच्या आंघोळीचे टब घेऊन धावायचे. एका सोमवारी दोघींची जुंपली आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवालीच्या कपाळावर स्टीलची घागर बसली. चार टाके पडले. पुढच्या सोमवारी ती डोक्याला फडकं बांधून पुन्हा रांगेत पहिली.

त्या संध्याकाळी अप्पा घरी आले. अप्पा म्हणजे कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष. मार्केट यार्डात त्यांची आडत. बोलणं मोठं, मन वाईट नाही.

“मॅडम, तुम्ही शाळेच्या ऑफिसात चारशे लेकरांचं रजिस्टर सांभाळता,” ते म्हणाले. “आमचे नव्वद उंबरे सांभाळा की.”

मी तीन दिवसांत काम उरकलं. घराला एक कार्ड. कार्डावर घरातल्या कर्त्या माणसाचा फोटो. कार्ड हातात असल्याशिवाय पाणी नाही. कार्ड दुसऱ्याला द्यायचं नाही, कार्डावरचं पाणीही द्यायचं नाही. एका कार्डाला दोन टिपाडं, म्हणजे आठवड्याला चारशे लिटर. आणि कार्ड काढायला लातूरचा पत्ता असलेला पुरावा. हे शेवटचं मला कुणी सुचवलं नव्हतं. ते माझं.

माझा कागदावर विश्वास आहे, आणि त्याला कारण आहे. मी शाळेत असताना लातूर उस्मानाबादपासून वेगळं होऊन नवा जिल्हा झालं. आम्ही होतो तिथेच होतो, घर तेच, विहीर तीच, पण जिल्हा बदलला. माझे वडील नव्या कचेरीत रांगा लावून घरातल्या प्रत्येकाचा रहिवासाचा दाखला नव्या जिल्ह्याचा करून घेऊन आले. गल्लीतले लोक हसले. “गुरुजी, माणूस तोच हाय की, बैल इकला म्हणून शिंगं बदलतेत का?” पुढे शाळेत लिपिकाची जागा निघाली तेव्हा माझ्या आधी एका मुलीचा नंबर होता. तिचा दाखला जुन्या जिल्ह्याचा निघाला. ती नवा आणायला गेली, तोवर मुदत संपली. ती जागा मला मिळाली आणि मी अजून तिथेच आहे. तेव्हापासून कुणी म्हटलं की माणसानं आपली ओळख खिशात घेऊन का फिरावं, तर मी म्हणते, फिरायला काय होतं? वजन किती असतं त्याचं?

कार्डांनी भांडणं थांबली. हे मी फुशारकीनं सांगत नाही, झालं ते सांगते. रांग लागायची, मी पारावर रजिस्टर मांडीवर घेऊन बसायचे, कार्ड बघून खूण करायचे. टँकरचा ड्रायव्हर म्हणायचा, “मॅडम, तुमच्यासमोर मलाच कार्ड दाखवावं वाटतंय.” शेजारच्या दोन कॉलन्यांनी माझे नियम झेरॉक्स करून नेले.

तिसऱ्या सोमवारी रांगेत माझी कामवाली उभी राहिली.

ती आमच्याकडे सहा वर्षं भांडी-धुण्याला होती. आमच्या मागच्या गल्लीत एक मोकळा प्लॉट होता, मालक पुण्याला. प्लॉटवर कुणी अतिक्रमण करू नये म्हणून मालकानं तिला आणि तिच्या नवऱ्याला पत्र्याची खोली घालून दिली होती. राहायचं, राखायचं. आमच्या भागात ही रीतच आहे. त्या वर्षी कॉलनीत असे अकरा प्लॉट होते आणि अकरा पत्र्याच्या खोल्या. मूळची ती नांदेड जिल्ह्यातल्या नायगावकडची. नवरा सेंट्रिंगचं काम करायचा. पाणी नाही म्हणून लातुरातली बांधकामं बंद पडली, तसा तो हैदराबादला गेला होता. इतके दिवस ती वापरायला पाणी प्लॉटवरच्या बोअरचं घ्यायची. त्या आठवड्यात बोअरनं नुसती हवा सोडली.

“कार्ड?” मी विचारलं. सवयीनं विचारलं, हात पुढे करून.

तिनं कमरेची पिशवी सोडून आधार कार्ड काढलं. प्लास्टिकात गुंडाळलेलं, स्वच्छ. पत्ता नायगावचा.

“हे न्हाई का चालत?”

“पाण्याचं कार्ड लागतं. आणि त्याला लातूरचा पत्ता लागतो.”

“बाई, म्या कुटं राहते तुमाला म्हाईत न्हाई व्हय? सकाळी तर तुमची भांडी घासून आले.”

मागून अप्पा म्हणाले, “नायगावचं कार्ड असंल तर नायगावला पाणी घ्यावं. नियम सगळ्यांला सारखा.”

ती वळून म्हणाली, “अप्पा, तुमचं कुत्रं मला भुंकत न्हाई. तुमीच भुंकून राहिले.”

रांग हसली. अप्पाही हसले, खरं म्हणजे. कुणीतरी म्हणालं, “अप्पा तरी कुठले लातूरचे, सीमेपलीकडून, कर्नाटकातल्या औराद तालुक्यातून आलेत!” अप्पांनी लगेच खिशातून पाकीट काढून आपलं कार्ड वर धरलं. “आलोय ना? पण कागद घेऊन आलोय.” पुन्हा हशा. हसण्यात तिचा नंबर गेला. माझ्या मांडीवर रजिस्टर होतं आणि त्यात नव्वद घरं होती. ती यादी करताना ते अकरा पत्र्याचे उंबरे मला दिसले नव्हते. लपलेले नव्हते ते. रोज त्यांच्यावरून जात होते मी.

त्या दिवशी मी तिला आमच्या टिपाडातून दोन घागरी दिल्या आणि म्हटलं, “पत्ता बदलून घे. मी मदत करते.” मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

मग तिनं घाईचं कारण सांगितलं. तिची लेक आठव्या महिन्यात होती. उमरीला दिलेली, पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, त्यात बोलण्यासारखं काही नसतं. बोलणी होतात ती न झाल्यावर. चार दिवसांपूर्वीच ती लेकीला उमरीहून घेऊन आली होती. सासरच्यांनी ओटी भरून पाठवली होती. “सवा म्हैना न्हाऊ घालावं लागतंय बाई,” ती म्हणाली. “बाळंतिणीला कडकडीत पाणी, लेकराला पाणी, बाळुती धुवायला पाणी. कोरडं बाळंतपण कुटं असतंय का?”

मी दुसऱ्या दिवशी जाऊन मुलीला पाहिलं. एकोणीस-वीस वर्षांची, पाय सुजलेले, पत्र्याखाली ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेली. टॉवेल ओला करायलाही तिनं वाटीनं पाणी घेतलेलं होतं. मी आत आले तशी उठायला लागली. मी म्हटलं, बस.

आधी मी प्लॉटमालकाला फोन लावला. ही बाई सहा वर्षं इथे राहते एवढं लिहून द्या, एका ओळीचं पत्र पुरे.

“मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात,” तो शांतपणे म्हणाला. “मी त्यांना राखायला ठेवलंय. राहतात असं लिहून दिलं तर उद्या त्याच कागदावर माझा प्लॉट मागतील. मग राखण कुणाची करायची, प्लॉटची का त्यांची?”

त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचा मी विचार केला. मीही लिहून दिलं नसतं. तिला राहायला जागा मिळाली होती ती कागद नव्हता म्हणून. कागद मागितला असता तर जागाच मिळाली नसती. हे सहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि लिपिक असून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग आमच्या वॉर्डाचे नगरसेवक. त्यांच्या लेटरहेडवर रहिवासाचा दाखला मिळाला की आधारचा पत्ता बदलतो. ते चांगले बोलले, आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. “मालकाचं संमतिपत्र आणा मॅडम, पाच मिनिटांत सही. त्याशिवाय दिलं तर तो माझ्यावर केस टाकेल.” मी म्हटलं, मी लिहून देते, मी इथली रहिवासी आहे, सरकारी पगार घेते. ते म्हणाले, “तुम्ही तुमच्या घराचं लिहून देऊ शकता. दुसऱ्याच्या जागेचं कसं?”

मी माझ्या घराचा पत्ता तिला देऊ शकले असते. भाडेकरू म्हणून लिहिलं असतं. तेही मनात आलं. पण खोटं लिहायचं, तेही शाळेच्या लिपिकानं, आणि कॉलनीत सगळ्यांना ती कुठे राहते ते माहीत. मी नाही लिहिलं.

शेवटी सेतू केंद्र. तिथल्या माणसानं कार्ड उलटसुलट करून बघितलं. “ताई, आत्ता पत्ता बदलायच्या भानगडीत पडूच नका. उदगीर वेगळा जिल्हा होणार म्हणायलेत. नांदेडचेबी तुकडे पडतेत म्हणे. नायगाव कुणाकडं जातंय, काय पत्ता? एकदा जिल्हे ठरू द्या, मग एकदाच करा.”

कामवालीनं त्याला विचारलं, “कवा ठरायचे?”

“आज न्हाई तर उद्या. घोषणा झाली की झालं.”

“मंग इचारून सांगा दादा,” ती म्हणाली, “जिल्ह्याचं बाळंतपण आदी हाय का माझ्या लेकीचं.”

तो खो खो हसला. आजूबाजूचेही हसले. कार्ड त्यानं परत दिलं. नवा जिल्हा काही झाला नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मात्र त्या एका अफवेवर किती फायली बाजूला ठेवल्या गेल्या असतील, देव जाणे.

मधले तीन आठवडे मी माझ्या कार्डातलं पाणी देत राहिले. सकाळी एक घागर, संध्याकाळी एक. घरात आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. भांडी पुसून ठेवायची, कपडे चार दिवसांनी. नवरा म्हणाला, “तूच नियम केलास आणि तूच मोडतेस.” मी म्हटलं, माझ्या वाटणीचं आहे. तो म्हणाला, “नियमात काय लिहिलंय ते वाच.” मी वाचलं नाही. मला पाठ होतं.

तुमच्याच घरी का नाही आणलं त्या मुलीला, असं पुढे एका मैत्रिणीनं मला विचारलं. सुचलं नव्हतं असं नाही. सासूबाई विटाळ पाळायच्या, दहा दिवस सोयर घरात चालवून घेतलं नसतं, न्हाणीघर एकच. पण ही सगळी कारणं मी नंतर गोळा केली. खरं एवढंच की सुचलं आणि मी बोलले नाही.

गिरणीवालीनं घागर नेताना पाहिलं. तिच्या कपाळावरचे टाके निघाले होते, वण ताजा होता. पुढच्या सोमवारी तिनं सगळ्यांसमोर विचारलं, “माझं डोकं फुटलं तवा नियम झाला. आता मॅडमच्या कामवालीला नियम न्हाई व्हय? माझी नणंद परवा बाळाला घेऊन आली, तिला कुटं येगळं टिपाड दिलं तुमी?”

नणंदेला दिलं नव्हतं. पाहुण्यांना पाणी नाही, हाही माझाच नियम.

आणि त्याच दिवशी दुसऱ्या प्लॉटांवरच्या तीन बाया रिकाम्या घागरी घेऊन पाराच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. रांगेत नाही, कडेला. एक निलंग्याकडची होती, दोघी कुठल्या ते मी विचारलं नाही. “तिला देता, तर आमाला बी द्या,” एवढंच म्हणाल्या. टँकरमध्ये पाणी होतं तेवढंच होतं. रांगेतल्या शेवटच्या सात-आठ घरांना तसंही दीड टिपाडच मिळायचं. त्यात एक डायलिसिसवरचा म्हातारा होता.

अप्पा मला बाजूला घेऊन गेले. आवाज चढवला नाही. “मॅडम, मला काय ती पोरगी वैरी हाय का? मलाबी दोन लेकी हायेत. पण अकरा प्लॉट हायेत. एकीला दिलं की अकरांला द्यावं लागतंय. अन् तुमी दिलेलं सगळे बघायलेत. तुमीच सांगा, काय करायचं. तुमी म्हणाल ते करू.”

ते मनापासून विचारत होते. चारशे मुलांच्या रजिस्टरात बसवता आलं असतं असं काहीच त्यात नव्हतं. टँकर मोठा करणं माझ्या हातात नव्हतं, बोअरला पाणी आणणं नव्हतं, पुण्याच्या माणसाची भीती काढणं नव्हतं. माझ्या हातात एक पेन होता. मी म्हटलं, “बंद करते.”

त्या तिघी बाया मी बंद म्हटल्याचं कळल्यावर आल्या वाटेनं गेल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ती भांडी घासायला आली तेव्हा मी तिला सांगितलं. सरळ सांगितलं, मला फिरवून बोलता येत नाही. तिनं राखेनं कढई घासायचं थांबवलं नाही. मग म्हणाली, “सकाळीच व्याह्यांचा फोन आला हुता. कुणी तरी सांगितलं वाटतं तिकडं. ‘पाणी पाजायची ऐपत न्हाई तर न्हेली कशाला’ म्हणले. ‘आमच्या दारात हातपंप हाय, आणून सोडा.’”

“मग?”

“मंग काय. माझी लेक म्हणली, आई, जाऊ. तिलाच दया आली माझी.”

नववा लागला होता. लेकीला एकटं पाठवणं शक्य नव्हतं, आणि बाळंतपण होईस्तोवर सोडून येणंही नव्हतं. म्हणजे आईनंही जायचं. आणि आईनं जायचं म्हणजे प्लॉट सोडायचा. मालकाला तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी शेजारी होते. तो म्हणाला, ठीक आहे, किल्ली मॅडमकडे ठेव. दुसऱ्या कुणाला बघतो.

गुरुवारी सकाळी मी शाळेत अर्धी रजा टाकली आणि त्यांना बसस्टँडवर सोडायला रिक्षा बोलावली. नांदेडपर्यंत एसटी, तिथून पुढे उमरी. रिक्षा दारात उभी असताना ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली.

“बाई, येक काम करा. दोन बाटल्या पाणी भरून देता? नियमात बसत नसंल तर ऱ्हाऊ द्या.”

ती चिडून बोलत नव्हती. मला आधी वाटलं, प्रवासासाठी. मी म्हटलं, “दोन कशाला, वाटेत मी विकतची घेऊन देते. आणि तिकडे हातपंप आहे म्हणालीस ना?”

“हाय. दारातच हाय. पर लेकीला मूल व्हईस्तोवर माय तिच्या घरचं पाणी पीत न्हाई. आमच्यात न्हाई चालत.”

“अगं, आता कोण पाळतं हे?”

“व्याही पाळतेत,” ती म्हणाली. “आदीच माझं तोंड वर न्हाई तितं. त्यात त्येंच्या हातपंपावर तांब्या धरू?”

“मग काय करशील?”

“शेजारी मागीन. गावात कुणी तरी दील की. पर गेल्या गेल्या कुणाच्या दाराला जाऊ? पयला दिवस तरी जवळचं असावं.”

मी घरात होत्या तेवढ्या बाटल्या काढल्या, पाच निघाल्या. टिपाडातलं पाणी गाळून भरलं. एकीचं झाकण गळत होतं, त्याला पिशवी लावून रबर बांधलं. तिनं त्यातल्या तीन घेतल्या आणि दोन ओट्यावर परत ठेवल्या. “तुमच्या सासूबाईंस्नी राहू द्या. म्हातारं माणूस.” मी त्या पुन्हा तिच्या पिशवीत घातल्या. तिनं पुन्हा काढल्या. बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता. मुलगी रिक्षात बसून दोन्ही हातांनी पोट धरून आमच्याकडे बघत होती. शेवटी चार गेल्या, एक राहिली.

स्टँडवर गर्दी होती. पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना जास्त. लातूर सोडून चाललेली माणसं, बोचकी, टीव्ही, कोंबड्या. नांदेडच्या गाडीत मुलीला खिडकीची जागा मिळवून दिली. तेवढं जमलं. कंडक्टरला सांगितलं की गाडी जपून चालवायला सांगा. तो म्हणाला, “बाई, खड्डे आम्ही पाडले का?”

लेकीनं खिडकीतून हात बाहेर काढला. मी धरला. ती म्हणाली, “बारशाला या.” मी हो म्हटलं. जाणार नाही हे मला माहीत होतं, तिलाही असणार.

त्यानंतर दर सोमवारी मी रजिस्टर घेऊन पारावर बसत राहिले. सोडून द्यावं असं दोनदा मनात आलं. पण मी सोडलं असतं तर गिरणीवालीचं डोकं पुन्हा फुटलं असतं, आणि डायलिसिसवाल्या म्हाताऱ्याला दीड टिपाडही मिळालं नसतं. सोडल्यानं पत्र्याच्या खोल्यांना थेंबभरही वाढलं नसतं. पुढच्या दोन प्लॉटांवरची माणसंही पंधरा दिवसांत निघून गेली. अप्पा म्हणाले, बरं झालं, टँकरवरचा भार कमी झाला. मग स्वतःच म्हणाले, “बरं कसलं म्हणा.”

तिचा फोन आला तो गेल्यापासून बाराव्या दिवशी. मुलगी झाली. आदल्या रात्री, सरकारी दवाखान्यात, दोघी सुखरूप. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता. तिनं बाळाच्या नाकापासून नखांपर्यंत सगळं सांगितलं. न्हाऊ कोण घालणार, असं मी विचारलं तर म्हणाली, विहीणबाई घालतील, मी शेगडी बघीन.

म्हणजे अकरा दिवस. अकरा दिवस प्यायला पाणी कुठून घेतलंस, कुणाच्या दारात जाऊन उभी राहिलीस, हे विचारायचं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं.

तीच म्हणाली, “अन् तुमच्याकडं, टँकर येतोय न्हवं येळंवर?”

“येतोय,” मी म्हटलं.

“झालं मंग,” ती म्हणाली आणि तिला कुणीतरी आतून हाक मारली.